खुर्चीत बसलेला नान

डॉक्टरीणबाई 'खुर्ची' म्हणाल्या होत्या, हे मी शपथेवर सांगेन. आता खुर्ची म्हणजे कसली, हे त्यांनी स्पष्ट करायला हवं होतं की मी विचारायला हवं होतं, यावर आमच्या मोहल्ल्यात अजून दोन तट आहेत. एका तटात मी आहे. दुसऱ्यात उरलेला मोहल्ला.

पण आधी दात. माझ्या मुलीचा, झेबोचा, खालचा मागचा दात किडला. लिहायला एवढंसं वाक्य. ते कळायला सबंध हिवाळा गेला. झेबो आठ वर्षांची आहे, स्वमग्न आहे, आणि बोलते ती मोजकं, तेही तिला गरज वाटली तर. 'दुखतंय' हा शब्द तिनं अजून घेतलेला नाही. दुखलं की ती भिंतीशी जाते आणि गाल भिंतीवर आपटते. शेजारच्या शराफत-खाला म्हणाल्या, "नजर लागलीय पोरीला." त्यांनी हरमलच्या वाळक्या काड्या पेटवून घरभर धूर केला. झेबोला धूर सोसत नाही. तिनं किंकाळ्या फोडल्या. "बघ, निघाली, निघाली!" खाला म्हणाल्या. नजर काही निघाली नाही, खालाच निघाल्या, आणि मग बरेच दिवस फिरकल्या नाहीत.

फिरकत तसं आमच्याकडे कुणीच नाही. मी गॅसचे मीटर तपासतो. समरकंदच्या या जुन्या भागात असं एक स्वयंपाकघर नाही जिथं माझं पाऊल पडलेलं नाही. 'आमच्याकडे कोण येतंय हो' म्हणत दर आठवड्याला कढईभर पुलाव कोण रांधतं, आणि लग्नात मिरवणाऱ्या कुणाच्या घरी दोन दिवस चूलच पेटलेली नाही, हे मला मीटर सांगतो. मी कुणाला सांगत नाही. माझ्या स्वतःच्या मीटरचा आकडा मात्र सानोबार गेल्यापासून इतका हळू सरकतो, की माझ्याच खात्यानं माझ्यावर गॅसचोरीचा संशय घेतला. माणूस पाठवून तपासणी केली. चोरी नव्हती. एक किटली होती.

सानोबार माझी बायको. ती इस्तंबूलला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. निघाली तेव्हा रीतीप्रमाणे तिनं उंबऱ्यावर नानचा एक घास चावला आणि उरलेला नान आम्ही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. प्रवासाला गेलेलं माणूस परत आलं की आपला नान संपवतं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. समरकंदचा नान, जाड आणि तकतकीत. वाळून आता लाकूड झालाय, पण दातांचा अर्धगोल अजून स्वच्छ दिसतो. झेबो रोज सकाळी त्या अर्धगोलात बोट फिरवते. एवढं झालं की तिचा दिवस सुरू. ते चुकलं तर दिवस चुकला.

एका सकाळी तिच्या तोंडाला वास आला म्हणून मला दाताची शंका आली. आमचं आणि दात घासण्याचं वैर जुनं. ब्रशचे केस तिला काट्यांसारखे टोचतात आणि पुदिन्याची पेस्ट जिभेला निखाऱ्यासारखी भाजते. खाते काय, तर गोड चहात भिजवलेला नान. तोही गालात धरून ठेवते. दातानं तरी किती सोसावं?

पहिल्या दंतवैद्यांनी तिच्याकडे न बघता फर्मान सोडलं, "चौघांनी धरा." मी आणि नर्स मिळून दोघं. उरलेले दोघे बाहेर बसलेल्या पेशंटांतून बोलावले. त्यांतला एक स्वतःच दाढ काढायला आला होता. पुढचं बघून तो घरी गेला. झेबोनं तोंड उघडलं, नाही असं नाही. वैद्यांचं बोट आत गेल्यावर मिटलं. "आधी पोरीला शिस्त लावा!" ते बोट झटकत ओरडले. त्यांना मी असं काही चोख उत्तर दिलं असतं की ते गारच पडले असते. फक्त ते मला घरी पोचल्यावर सुचलं.

दुसऱ्या, डॉक्टर मुकद्दस. त्यांनी झेबोकडे बघितलं, मग तिच्या बुटांकडे, मग थोडं लांब जाऊन खाली बसल्या.

"धरायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा धरलं की हे तोंड आपल्याला कायमचं बंद. पूर्ण भूल देऊन करता येईल, पण ते राजधानीत, आणि तिथला नंबर कधी लागेल सांगता येत नाही. दात थांबणार नाही, तोल्किन-अका. घरी सवय करा. रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं. खुर्ची, मग उजेड, मग आरसा. आधी तुम्ही बसा, तिला बघू द्या. पुदिन्याची पेस्ट फेकून द्या. बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसा. तिनं आपणहून तोंड उघडलं की माझं काम सोपं."

"आणि नाही उघडलं तर?"

"सूज गालावर चढली तर मग मला थांबता येणार नाही. धरावंच लागेल."

मी मान डोलावली आणि खुर्चीच्या शोधात निघालो. घरातली पाठ टेकायची कुठलीही साधी खुर्ची त्यांना अपेक्षित होती, असं त्या नंतर म्हणाल्या. नंतर सगळेच काहीबाही म्हणतात.

गावाबाहेरचं एक जुनं आरोग्यधाम मोडीत निघालं होतं आणि त्याच्या दवाखान्यात दातांची खुर्ची होती. जुन्या जमान्यातली, ओतीव लोखंडाची. पायानं पॅडल मारलं की वर जाणारी, दुसरं दाबलं की सुस्कारा सोडत खाली येणारी. मात्र भंगार फक्त संस्थांना विकायचा नियम होता.

"तुम्ही संस्था आहात का?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"मी बाप आहे."

"बापाला विकता येत नाही."

मी मोहल्ला समितीचे अध्यक्ष नॉर्मुरोद-अका, म्हणजे आमचे नॉर्मुरोददादा, यांच्याकडे गेलो. नॉर्मुरोद-अकांना शिक्के मारायला अतिशय आवडतं. शिक्क्याला ते लेकरासारखं रुमालात गुंडाळून ठेवतात. त्यांनी पत्र दिलं, की ही खुर्ची 'मोहल्ल्यातील वृद्धांच्या विश्रांतीसाठी' हवी आहे.

"अका, पण खुर्ची झेबोसाठी आहे."

"झेबोसाठी असं लिहायला झेबो संस्था आहे का? तू गप बस रे."

खुर्ची आणायला त्यांनी हशर पुकारलं. म्हणजे साऱ्या मोहल्ल्यानं मिळून फुकट करायचं काम. काम फुकट, कामकऱ्यांचं जेवण ज्याचं काम त्याच्याकडे. सगळे बाप्ये कलिंगडाच्या ट्रॉलीतून खुर्ची घेऊन आले. खुर्ची उचलायला चार जण लागत होते आणि सूचना द्यायला बाकीचे सगळे. दारातून शिरेना म्हणून दाराची चौकट काढली. चौकट परत बसवताना ती उलटी बसली. तेव्हापासून माझं दार रस्त्याकडे उघडतं आणि बेसावध वाटसरूंच्या नाकाला लागतं. जर्दाळूच्या झाडाखाली खुर्ची रोवली, पुलावाची कढई चढली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या अंगणात इतकी माणसं हसत होती की मी दोनदा आत जाऊन मीटर बघून आलो. पळत होता.

झेबो दिवसभर पायरीवरून खुर्चीकडे बघत होती. माणसं गेल्यावर उठली, खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि पॅडल दाबलं. खुर्चीनं सुस्कारा सोडला. झेबोनं तसाच सुस्कारा सोडला. दोघींचं जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर शराफत-खाला, मागे त्यांच्या दोन मैत्रिणी.

"आम्ही विश्रांतीला आलोय," खाला म्हणाल्या.

"कसली विश्रांती?"

"वृद्धांची. नॉर्मुरोदनं शिक्का मारलाय म्हणे."

आणि मग त्या रोजच येऊ लागल्या. रोज त्याच वेळी. मी त्यांना हाकलणार होतो, खरंच. पण झेबो आरसा घेऊन उभी राहायची आणि खाला खुर्चीत रेलून आ वासायच्या. त्यांच्या तोंडात वरची सगळी रांग सोन्याची. ऊन पडलं की आत दिवा लावल्यासारखं. त्या दातांत झेबोला स्वतःचा चेहरा दिसला. एवढासा, पिवळा, रांगेनं बसलेला. ती हसली. सानोबार गेल्यापासून पहिल्यांदा.

"बघून घे ग राणी," खाला आ वासलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, "तुझ्या लग्नात यातला एक तुला देईन."

"स्वतःच्या सुनेला तर एक खिळा दिला नाही," एक मैत्रीण म्हणाली.

"तिचं तोंड आधी बंद व्हायला हवं ना!"

मी चहा ओतत असायचो. माझ्याशी कुणी बोलायचं नाही. खुर्चीपुढे मला कोण विचारतो. पेला पुढे यायचा, मी भरायचो. पण घरात आवाज होता. ज्याच्या घरात आवाज नसतो त्याला बोलणं कुणाशी चाललंय याचं फारसं देणंघेणं नसतं.

गर्दी म्हटली की तक्रार आलीच. 'तोल्किन परवाना नसताना दातांचा दवाखाना चालवतो.' निरीक्षक आले. दारानं त्यांचं नाकावर स्वागत केलं. आत पाहतात तो जर्दाळूखाली बायकांची रांग, खुर्चीत आ वासलेल्या खाला, आणि हातात आरसा घेतलेला मी.

"हे पेशंट नाहीत," मी म्हणालो. "विश्रांती घेतायत."

"मग तोंडं का उघडी आहेत?"

"माझं तोंड, मी उघडं ठेवीन," खाला म्हणाल्या. "तुम्ही तुमचं मिटा."

खुर्ची चालू स्थितीत आहे का, हे तपासायला निरीक्षक स्वतः बसले आणि स्वतःच पॅडल मारत गेले. खुर्ची वर गेली. अजून वर गेली. मग त्यांचा पाय पॅडलपर्यंत पोचेना आणि निरीक्षक सरकारी कागदांसह जर्दाळूच्या फांद्यांत राहिले. खाली आणायचं पॅडल एव्हाना अडकायला लागलं होतं, ते दाबायची युक्ती फक्त झेबोला येत होती, आणि झेबो तेव्हा पायरीवर नान खात होती. ती खाताना उठत नाही. निरीक्षकांनी वर बसूनच अहवाल लिहिला: 'आसन आढळले. वैद्यकीय वापर आढळला नाही.' झेबोनं खाणं संपवलं, फडक्यानं हात पुसले, पॅडल दाबलं. निरीक्षक सुस्कारत खाली आले. सुस्कारा खुर्चीचा की त्यांचा, सांगता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत झेबो खुर्चीत बसली, आपणहून मागे रेलली, आणि माझ्या हातातल्या आरशासमोर तोंड उघडलं. मी आत बघितलं. दाताच्या जागी एक तपकिरी खोबण होती. एवढं मोठं भोक घेऊन माझी पोर हिवाळाभर गप्प होती.

डॉक्टर मुकद्दस यांनी सकाळची पहिली वेळ दिली. "दवाखाना रिकामा असेल. तुम्ही दोघंच या. कुणाला बरोबर आणू नका."

मी फक्त शराफत-खालांना सांगितलं. मोहल्ल्याला कळवण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

सकाळी दार उघडलं तर रस्ता भरलेला. बायका, बाप्ये, शिक्क्यासकट नॉर्मुरोद-अका. झेबोनं कान झाकले, पण आली. माझ्या मागे, उंबऱ्यापर्यंत आली. तेवढ्यात शराफत-खाला पुढे झाल्या. हातात भट्टीतून नुकताच निघालेला नान, डोळ्यांत पाणी.

"चाव ग माझ्या बाई," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्यानं उंबऱ्यावर चावावं, म्हणजे माणूस परत येतं."

झेबोनं नानकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे, खिळ्याकडे. मग तिचं तोंड असं मिटलं की ओठ दिसेनात. ती मागे पळाली, खुर्चीत चढली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली.

"झेबो नाही जात," ती म्हणाली.

मग सल्ले आले. नजर आहे, पायगुण आहे, नान गरम होता, नान गार हवा होता, बापानं एक ठेवून दिली असती तर. मला मात्र त्या तीन शब्दांत सगळं कळलं. आमच्या सगळ्यांच्या लेखी चावलेला नान म्हणजे परत येणं. झेबोनं जन्मात एकच चावलेला नान पाहिला होता, आणि तो चावणारी अजून परत आलेली नव्हती.

ते तोंड मिटलं ते मिटलंच. आरसा नाही, फडकं नाही; चहासुद्धा ओठांच्या फटीतून. गालावर फुगवटा दिसू लागला. मी फोन केला. डॉक्टर मुकद्दस म्हणाल्या, "आजपासून औषध द्या. चहात मिसळून. आठवडा संपेपर्यंत वाट बघू. त्यापुढे नाही. धरणारी माणसं मी बघून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवरून नान आणला. झेबो खुर्चीतून बघत होती. उंबऱ्यावर उभं राहून मी एक घास चावला, नान तिच्या मांडीवर ठेवला, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, आणि तिच्यासमोर बसून उरलेला नान संपवला. मग दुसरा आणला. चावला, भट्टीपर्यंत गेलो, परत आलो, संपवला. मग बाजारापर्यंत. मग दवाखान्याच्या फाटकापर्यंत. सुट्टी टाकून मी दिवसभर प्रवासाला जात होतो आणि परत येत होतो.

समरकंदमध्ये असं काही लपत नाही. नॉर्मुरोद-अकांनी मला कोपऱ्यावर गाठलं.

"तोल्किन, बायको गेल्यावर माणूस दारू पितो. हे नानचं काय काढलंस?"

"प्रवासाला चाललोय, अका."

"कुठं?"

"या कोपऱ्यापर्यंत."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. शराफत-खालांना मी सांगितलं की आता दवाखान्यात परत जाताना कुणी यायचं नाही, अगदी कुणीही.  त्या आपल्या सोन्यासकट तोंड मिटून निघून गेल्या. विश्रांतीला यायच्या बंद झाल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळ्याच.

आठवड्याच्या अखेरीला माझं पोट पुढे आलं होतं आणि अंगणात चिटपाखरू नव्हतं. मी त्या सकाळचा नान चावला आणि तिच्या मांडीवर ठेवला. झेबोनं माझ्या दातांच्या खुणेत बोट फिरवलं. मग नान उचलला, फिरवून बघितला, आणि माझ्या खुणेच्या शेजारी, चांगल्या बाजूच्या दातांनी, चिमणीएवढा घास चावला.

आम्ही दोघंच गेलो. रस्ता रिकामा होता. लोक दारांमागे होते, पण आमच्याकडे पाठ करून. रागावलेला मोहल्ला फार शांत असतो.

दवाखान्यातली खुर्ची पांढरी, गुळगुळीत, विजेवर चालणारी. झेबो तिच्याभोवती फिरली, वाकली, खाली बघितलं. पॅडल नव्हतं. तिचे ओठ मिटू लागले. 

घरच्या खुर्चीची कहाणी मी डॉक्टर मुकद्दस यांना सांगितलेली होती; त्यांनी आपला पाय पुढे केला. "हे पॅडल," त्या म्हणाल्या. झेबोनं त्यांच्या बुटावर पाय दाबला. डॉक्टरांनी हात मागे नेऊन बटण दाबलं. खुर्ची खाली आली. आवाज झाला नाही, म्हणून डॉक्टरांनी तोंडानं सुस्कारा सोडला. झेबो चढून बसली. मग उजेड. मग आरसा. मग तिनं तोंड उघडलं.

दात दुधाचाच होता. जागा बधिर करताना तिनं एकच किंकाळी फोडली, सबंध इमारतीला ऐकू जाणारी, पण तिला कुणी धरलं नाही. माझा हात तिनं धरला होता. तो अजून दुखतो.

बधिरपणा उतरेपर्यंत काही खायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण परत आलेल्या माणसानं नान संपवायचा असतो, आणि झेबोचा नियम म्हणजे नियम. ती उंबऱ्यावर नान मांडीवर घेऊन बसली. मी शेजारी. दुपार गेली. लोक समोरून जात होते. शराफत-खाला दोनदा गेल्या, दोन्ही वेळा आमच्यापलीकडच्या भिंतीकडे बघत. ऊन उतरलं तसा झेबोनं गाल चाचपला, आणि नान खायला लागली. शेवटचा तुकडा मला दिला. परत आलो होतो ना मीही.

मग ती आत गेली, स्टुलावर चढली आणि खिळ्यावरचा सानोबारचा नान काढला.  तिनं तो दोन्ही हातांनी अंगणात आणला आणि खुर्चीत ठेवला. पाठीला टेकवून, अर्धगोल वरच्या बाजूला. बाजूला होऊन बघितलं. आणि खुर्ची एकदा वर केली.

मोहल्ल्याचा राग फार टिकत नाही, विश्रांतीची सवय टिकते. काही दिवसांनी शराफत-खाला आल्या. झेबोच्या तोंडातली फट बघितली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खुर्चीकडे वळल्या, आणि थबकल्या.

"तोल्किन, हा नान उचल."

"मी नाही ठेवलेला, खाला."

"मग पोरीला सांग."

"सांगितलं. ती नाही म्हणते."

खालांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. प्रवासाला गेलेल्याचा नान परक्यानं हलवायचा नसतो. त्यावर बसायचं तर नावच नको. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, डोईवरच्या रुमालाच्या टोकानं खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली आणि गेल्या. पुन्हा विश्रांतीला कुणी आलं नाही.

रविवारी सानोबारचा फोन येतो. झेबोनं फोन घेतला आणि सरळ तोंडात धरला.

"अहो, काही दिसत नाही," सानोबार म्हणाली. "नुसता काळोख आहे."

"तिथंच होता दात."

मग झेबोनं फोन अंगणातल्या खुर्चीकडे फिरवला.  म्हाताऱ्या बाई आणखी एक वर्ष राहा म्हणतायत, हे सानोबारनं मला आधीच्या रविवारी सांगितलं होतं.

"कुणी बसत नाही त्यात?" तिनं विचारलं.

"जागा धरून ठेवलीय."

"पावसात भिजेल हो तो," ती हळूच म्हणाली. "वर काहीतरी घाला."

मी खुर्चीला छत्री बांधली.

गेल्या महिन्यात खात्याचा माणूस पुन्हा आला. माझा मीटर परत संशयास्पद झाला होता. नाक सांभाळत आत शिरला, मीटर बघितला, किटली बघितली. जाताना अंगणात थांबला. छत्रीखाली दातांची खुर्ची, खुर्चीत चावलेला नान. इथलाच माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं टोपी काढली.

"कधी यायच्यात?" त्यानं विचारलं.

"बसा ना," मी म्हणालो. "चहा टाकतो."

तो इकडेतिकडे बघू लागला. अंगणात बसायला दुसरी खुर्ची नव्हती.